बिनडोळ्याचा चमचा

आबा, भांडण अर्धं टाकून उठून जायची तुझी सवय जुनीच. आईने जेवताना दोन शब्द सुनावले की तू हात धुवून ओट्यावर. मी काही विचारायला लागले की तू वल्हं खांद्यावर टाकून खाडीवर. आणि या वेळी तर कहर केलास. आता कुठे येऊ तुझ्यामागे? शर्ट धरून "बस इथे, आधी उत्तर दे" म्हणायचीही सोय ठेवली नाहीस.

तेराव्याचं जेवण काल आटपलं. मांडव सुटला, भाड्याची भांडी गेली, पाहुणे गेले. मी अजून तळवलीतच आहे. समोर तुझा बिस्किटांचा पत्र्याचा डबा ठेवलाय, ज्याला तू कधी कोणाला हात लावू दिला नाहीस. आई म्हणाली, "तूच उगड. मना नाय बगवत."

उघडते. पण आधी आपलं भांडण संपवू. आज तुला मधेच उठता येणार नाही, आणि खोकल्याचं निमित्तही चालणार नाही.

भांडण त्या चमच्याचं. दुसरं कुठलं असणार!

गावातले बाकीचे लोक गरवायला जाताना गळाला कोळंबी लावायचे, जिवंत, तडफडणारी. तू स्टील लावायचास. सगळी आळी तुला हसायची. "नामाभाऊ माशाला चमच्यानं भरवतो," म्हणायचे. तू मिशीतल्या मिशीत हसायचास आणि संध्याकाळी त्यांच्या दारावरून मुद्दाम मासा हातात लोंबकळवत यायचास. काय तुझा माज होता, आबा! कंपनीत फिटर म्हणून दिवसभर मान मोडून काम करायचास, तिथे कधी मान वर केली नसशील, पण खाडीवरून येताना तुझी चाल राजाची असायची.

चमचा करायची तुझी रीत मला झोपेतही सांगता येईल. मोठा चमचा घ्यायचा, दांडा करवतीने उडवायचा, दोन्ही टोकांना भोक पाडायचं, लाकडाच्या ठोकळ्यावर ठेवून हातोडीने पोटाला किंचित बाक द्यायचा. एका भोकात किल्ल्यांच्या जुडग्यातली रिंग, रिंगेत तीन तोंडांचा गळ, गळाला कोंबड्याचं पीस आणि माझ्या फाटक्या स्वेटरची लाल लोकर. दुसऱ्या भोकात फिरकी, आणि फिरकीला तंगूस, तो जाड नायलॉनचा दोरा. मग मागच्या दारी पाण्याच्या पिंपात सोडून ओढून बघायचास. चमचा गरगर फिरला तर नापास. तंगुसाला पीळ पडतो म्हणायचास. तो डुलला पाहिजे, मार लागलेलं मासोळं पोहतं तसा, एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर.

आणि घासायचास! देवा, किती घासायचास! आपल्या घरात एक भांडं बिननावाचं असेल तर शपथ. कुठल्या मामाने दिलं, कुठल्या मावशीने दिलं, कुणाच्या लग्नात दिलं, सगळं टिंबाटिंबांनी कोरलेलं. ती अक्षरं तुला चमच्यावर चालायची नाहीत. आधी कानस, मग पॉलिश पेपर, मग रांगोळी लावलेलं फडकं. चमच्यात तुझी मिशी केसान्‌केस दिसेपर्यंत हात थांबायचा नाही. "वरखडा दिसला का मासा पाठ फिरवतो," हे तुझं ब्रह्मवाक्य. आई कपाळाला हात लावायची, कारण चमचे तिचे जायचे.

घासून झाला की चमचा माझ्याकडे. माझ्या लाल नेलपॉलिशने त्याला डोळा काढायचा, ते काम माझं. तू एकदा काढून बघितला होतास, तर नुसता डाग पडला. मासा बिचारा जिवंत असून मेल्यासारखा दिसत होता.

होडीतही आपली कामं ठरलेली. तू वल्हवायचं, मी तंगूस धरायचं. लहानपणी तापात माझा डावा कान वाहिला आणि गेला, तेव्हापासून त्या बाजूने मला काही म्हणता काही ऐकू येत नाही. शाळेत त्यावरून किती चिडवलं पोरींनी. तू मात्र होडीत बसवून तंगूस हातात दिलास आणि म्हणालास, "मासा काय आवाज करून येतो? बोटाला कलतं ते." खरंच कळायचं. पाण्याखाली चमचा डुलत असला की बोटात बारीक थरथर यायची, आणि ती थांबली की समजायचं, गवत अडकलं नाहीतर मासा आला. त्या होडीत मी एका कानाची नव्हते, आबा. एवढं तरी तुला कधी सांगितलं होतं का मी? नसेलच.

आता त्या दिवसाकडे येते. तू टाळलंस तरी मी येणारच.

माझं पहिलं लग्न साखरपुडा होऊन मोडलं होतं. मुलाचं नाव यशवंत. साखरपुड्यानंतर आईला इतकी घाई की तिने आंदणाची भांडी घेऊन लगेच नावंसुद्धा घालून आणली. पातेली, वाट्या, चमचे, सगळ्यांवर 'सौ. कुंदा यशवंत'. मग एका हळदीला त्या यशवंतच्या बहिणीने मला डावीकडून हाक मारली, दोनदा मारली, तीनदा मारली, मी आपली समोर बघत उभी. आठवडाभरात निरोप आला. "बहिरी पोरगी आमच्या गळ्यात मारत होतात." गावभर झालं. आईने भांडी गोणीत भरली आणि माळ्यावर फेकली. त्या दिवसापासून घरात माझ्या कानाचा विषय बंद. जसा काही मला कानच नव्हता.

दोन वर्षांनी दिलीपचं स्थळ आलं. खांदेश्वरकडे वसाहतीत त्यांचं घर, मुलगा न्हावा शेव्याला बंदरात कंटेनर मोजायच्या नोकरीला. बघून गेले, पसंती कळवली. कानाचं आपण बोललो नाही, त्यांनी विचारलं नाही. पुढची बोलणी करायला येणार होते. निघताना दिलीपचे वडील तुला सहज म्हणाले, "आमची खाडी बंदरात गेली, व्याही. जिताडा खाऊन लई वरसं झाली." झालं! तू छाती पुढे काढून बोलून बसलास, "तुमी या तर खरं. माज्या हातचा जिताडा घालतो तुमाला."

आपल्यात व्याह्याला जिताडा घालणं म्हणजे काय, ते मी तुला सांगायला नको. कोंबडी-बोकड कोणीही घालतं. जिताडा घातला म्हणजे माणूस म्हणून किंमत केली. आणि आपल्या खाडीत तेव्हा जिताडा उरला होता कुठे? कंपन्यांच्या पाण्याने मासळीला रॉकेलचा वास मारायचा. तू रोज खाडीवर जायचास आणि रोज रिकामा यायचास. आई म्हणाली, बाजारातून आणा, कोणाला कळतंय. तू तिच्याकडे असा बघितलास की ती पुढे बोललीच नाही.

त्या पाहुण्यांसाठी म्हणून तू एक खास चमचा केलास. इतका घासलास की उन्हात धरला तर डोळे दिपायचे. मी त्याला डोळा काढला, आतापर्यंतचा सगळ्यात देखणा, पापणीसकट. ओट्यावर वाळत ठेवला.

पाहुणे दुसऱ्या दिवशी सकाळी यायचे होते. जेवणं झाली, भरती लागली आणि आपण होडी काढली. तुझं तोंड सकाळपासून बंद. मला वाटलं, माशाचं टेन्शन. तू फडक्यातून चमचा काढून तंगुसाला बांधलास. बघते तर तो नव्हेच. दुसराच कुठलातरी, वर भरमसाट लोकर गुंडाळलेला.

"माझा कुठाय? डोळ्याचा?"

"तो नीट डुलत नाय."

"मग आण, याला काढते डोळा. बाटली आहे माझ्याकडे."

"याला डोला नको," म्हणालास आणि चमचा पाण्यात सोडलास. माझ्या हातात दिलासुद्धा नाहीस. मला राग आला. पण माझ्या मनात त्याहून मोठा राग होता, म्हणून मी तो गिळला.

वल्ही पडायला लागली. तंगूस माझ्या बोटातून मागे गेला, ताणला, थरथरला. तिवरांच्या कडेने आपण हळूहळू चाललो होतो. मी धीर करून बोलले. "आबा, उद्या त्यांना कानाचं सांग. तू सांग. जेवायच्या आधी सांग. मागच्या वेळेसारखं मला परत नको."

तू गप्प.

"लग्नानंतर कळलं तर ते मला ठेवतील? आणि ठेवलं तरी रोज बोलून दाखवतील. तुला चालेल?"

वल्हं पाण्यात, वल्हं वर.

"आबा, मी तुझ्याशी बोलतेय! बहिरी मी आहे का तू?"

तेव्हा एवढंच म्हणालास, "गप ऱ्हा. मासा आयकतो."

मला तेव्हा तुझा असा तिटकारा आला होता, आबा. आज तू नाहीस तरी सांगते, कारण खोटं बोलून तुझी आरती ओवाळायला मला जमत नाही. मला वाटलं, हा माणूस आयुष्यभर माशांना खोटं खायला घालतोय, आता माणसांनाही तेच घालणार. मी चमचा आणि तूही चमचाच, नुसते वरून घासलेले. मी रडत होते आणि रडताना तंगूस हलू नये म्हणून श्वास धरत होते. अशी वेडी पोर तुझी.

भरती उतरायला लागली. एकदा चमचा तिवरांच्या मुळांत अडकला, तू कमरेएवढ्या चिखलात उतरून सोडवून आणलास. ऊन कलायला आलं. पाहुणे उद्या सकाळी, आणि टोपलीत बोटभर मासा नाही. तुझ्या मानेच्या शिरा ताठलेल्या मला मागून दिसत होत्या. परत फिरायचं असं तू म्हणणार, इतक्यात माझ्या बोटातली थरथर थांबली.

मी काही म्हणायच्या आत तंगूस असा गेला की बोटाची कातडी सोलवटली. "आबा!" तू वल्ही टाकलीस. लांब मागे पाणी फुटलं आणि तो वर आला, सगळाच्या सगळा, रुपेरी, आणि डोकं झाडलं. मला वाटलं, गेला. गळ फेकून दिला त्याने.

"ढील दे! ढील! ताणू नको!"

"जातोय तो पुलाकडे!"

"जाऊ दे. जाईल कुटं? दम लागंल मंग येईल. तू नुसती धर."

पुलाच्या खांबाला वळसा मारला असता तर तंगूस कापूनच गेला असता. होडी आपोआप तिकडे ओढली जात होती. तू माझ्या मागे येऊन बसलास, माझ्या उजव्या बाजूला, आणि कानाशी एकच घोकत राहिलास, "धर बाय, धर. आता ढील. आता धर." माझ्या हातातून रक्त येत होतं, ते तू बघितलंस, पण तंगूस माझ्याकडून घेतला नाहीस. मला तेव्हा तेही निर्दयीपणाचं वाटलं होतं. तो पुन्हा उडाला, पुन्हा डोकं झाडलं, आणि मग एकदम जड होऊन आडवा आला. तू दोन्ही हातांनी गालफडात बोटं घालून त्याला होडीत घेतलास आणि त्याच्यावर लवंडलास. माझ्या कमरेपर्यंत आला असता तो उभा केला तर.

मी गळ काढायला वाकले. तू माझा हात धरलास.

"ऱ्हाऊ दे तोंडात."

"का?"

"इकत नाय आनला, त्याचा पुरावा. तसाच दाखवू."

तोंड मिटलेलं, बाहेर नुसती लाल लोकर दिसत होती. घरी येऊन तू त्याला बर्फात घातलास आणि कोणाला जवळ फिरकू दिलं नाहीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. दिलीप, त्याचे आईवडील. मी आतल्या दाराशी उभी. माझं सगळं लक्ष तुझ्या तोंडाकडे. आता सांगेल, चहा झाल्यावर सांगेल, पान खाल्ल्यावर सांगेल. तू हवापाण्याचं बोललास, बंदराचं बोललास, कंपनीचं बोललास. आई तुझ्याकडे अशी टक लावून बसली होती की जणू तू पोरगा आहेस आणि ताटातून काही उचलशील. मग तू उठलास आणि मोठ्या परातीत जिताडा घेऊन आलास.

सासरे हरखून गेले. "आरं तिच्या! ह्यो खाडीचा?"

"पोरीनं धरला," तू म्हणालास.

त्यांनी कौतुकाने माशाचं तोंड उघडलं, लोकर बाजूला केली, चमचा बाहेर ओढला. "चमचा! चमच्याला लागला?" हसले. मग उजेडाकडे धरला. हसू तसंच तोंडावर राहिलं आणि नजर बदलली. एकेक अक्षर लावून वाचलं त्यांनी. "सौ. कुंदा यशवंत."

"यशवंत कोन?"

आईच्या हातातली वाटी कलंडली. मी तुझ्याकडे बघितलं. बोल ना, आबा! आता तरी बोल! तू बोलला नाहीस. ना त्यांच्याकडे बघितलंस, ना आईकडे. फक्त माझ्याकडे बघत राहिलास. होडीत म्हणत होतास ना "धर बाय, धर", अगदी तसा.

मग मीच पुढे होऊन परातीशी बसले. साखरपुडा सांगितला, मोडला ते सांगितलं, का मोडला तेही. "मला डाव्या कानाने ऐकू येत नाही. अजिबात नाही. आता तुम्ही ठरवा."

सासऱ्यांनी चमचा परातीत ठेवला. तो आवाज मला दोन्ही कानांनी ऐकू आल्यासारखा वाटला. त्यांची बायको पदराशी चाळा करत बसली. आई भिंतीला टेकली होती, डोळे मिटून. मला वाटलं, आता उठतील, चपला घालतील, आणि गावाला पुन्हा वर्षभराचं खाद्य मिळेल.

पहिला बोलला तो दिलीप. "म्हनजे मागच्या वेळी मी तिच्या डाव्या हाताला बसलो व्हतो ना..." त्याने आईकडे बघितलं. "मी तिला चार गोष्टी विचारल्या, तिनं एकीचंही उत्तर दिलं नाय. मला वाटलं, हिला मी आवडलोच नाय. सगळा आठवडा मी तेच घेऊन बसलोय." आणि उठला, पाट उचलला, आणि येऊन माझ्या उजव्या बाजूला बसला. सगळ्यांदेखत! लाज नाही, काही नाही.

सासऱ्यांनी माशाकडे बघितलं. मग तुला म्हणाले, "व्याही, डोकं माज्या पानात वाडा. बाकीचं कसं करायचं ते तुमी बगा."

आईने तोंडात पदर कोंबला. तू परात उचलून मागच्या दारी गेलास आणि कितीतरी वेळ आलाच नाहीस. मासा कापायला एवढा वेळ लागतो का?

इतकी वर्षं झाली. दिलीप अजून रस्त्याने चालताना माझ्या उजवीकडे असतो, ट्रकची वर्दळ त्याच बाजूला असली तरी. सासऱ्यांनी मला कधी एका शब्दाने बोलून दाखवलं नाही. सगळं चांगलं झालं. पण तुझ्यावरचा माझा राग गेला नाही. तू चमचा घासायचा विसरलास म्हणून माझं चांगलं झालं, तुझ्यामुळे नाही. तू तर लपवायलाच बसला होतास. दर दिवाळीला मी तुला डिवचायची, "आबा, खरं सांग, तू सांगणार होतास का नव्हतास?" आणि तू, "म्हातारा झालो बाय, घासायचा ऱ्हाऊन गेला," म्हणून ओट्यावर. शेवटच्या दिवाळीला तर मी तुला बोलले होते, "तुझ्यापेक्षा तो मासा बरा, त्याने तोंड तरी उघडलं." तू हसलास. अगदी मनापासून हसलास, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मला ते हसू तेव्हा आवडलं नव्हतं.

असो. उघडते डबा.

वर पॉलिश पेपरचे तुकडे. कानस. माझी नेलपॉलिशची बाटली, वाळून खडा झालेली. फिरक्या, रिंगा. एकावर एक रचलेले चमचे, सगळे घासून आरसे केलेले, एकावर एक टिंब नाही. तळाशी फडक्याची पुरचुंडी. तुझ्या गाठी सोडवायच्या म्हणजे दात-नखं लागतात.

आत दोन चमचे आहेत, आबा.

एक तोच. 'सौ. कुंदा यशवंत'. मला वाटत होतं, तू तो खाडीत फेकलास. दुसरा डोळ्याचा. माझा. पापणीसकट. पीस तसंच, लोकर तशीच, गाळाचा एक ठिपका नाही. याला कधी पाणी लागलेलंच नाही.

मी आईला हाक मारली. दोन्ही चमचे तिच्या पुढे धरले. "आई, हा तयार असताना आबाने तो का नेला? आणि तो आणला कुठून?"

आई बघत राहिली. डोळ्याच्या चमच्याकडे नाही, अक्षरांच्या. मग माझ्या उजव्या बाजूला येऊन बसली आणि म्हणाली, "माल्यावरनं. त्या दिशी जेवान झाल्यावर चडले व्हते माल्यावर. मी इचारलं, कशाला, तर बोलले नाय."

"का?"

"मी शपथ घातली व्हती. सकालीच ते मना बोलले, उद्या मी त्यांना पोरीच्या कानाचं सांगनार. मी म्हटलं, तोंडातनं एक शब्द काडलात तर माजं मेलेलं तोंड बगाल. मोडलं असतं गं परत. मना भ्या वाटलं." तिच्याही मनात आताच काहीतरी जुळत होतं, मला दिसत होतं. "त्यांनी शपथ पालली. मी इतकी वरसं तेच समजून हाय. पालली ना गं त्यांनी?"

"पाळली आई. तोंडातून एक शब्द काढला नाही आबाने."

आई ढसाढसा रडली. तेरा दिवसांत अशी रडली नव्हती. मी तिला जवळ घेतलं, पण माझं लक्ष तुझ्यात, आबा. म्हणजे तू सांगणार होतास. मी होडीत विचारायच्या आधीच ठरवून बसला होतास. आणि मी तुझ्या पाठीला काय काय बोलले! तू वल्हवत राहिलास. एवढं मोठं डोकं तुझं, आणि दर दिवाळीला माझ्यापुढे विसराळू म्हातारा होऊन बसलास, आईला कळू नये म्हणून. अरे, मला एकटीला सांगायचंस! मी काय गावभर केलं असतं? आता कोणाच्या पाया पडू मी? फोटोच्या?

एकच गोष्ट उरली होती. तू होडीत म्हणाला होतास, तो नीट डुलत नाही.

मी मागच्या दारी गेले. पिंप भरलेलं होतं. तुझ्या डब्यातला तंगूस डोळ्याच्या चमच्याला बांधला, तू शिकवलेली गाठ मारली, आणि चमचा पाण्यात सोडून हळूच ओढला. आई दारात उभी राहून बघत होती.

बोटात थरथर आली. एकदा या कुशीवर, एकदा त्या कुशीवर, लाल डोळा वर येतो, खाली जातो.

डुलतोय रे आबा. छान डुलतोय.